निरोपाचं घड्याळ

श्रीपतीकडे एक झकास स्विस घड्याळ होतं आणि ते त्याला हैदराबाद शहरात घालता येत नव्हतं. चोरीचं नव्हतं. सासऱ्याकडून रुसून मिळवलेलंही नव्हतं. चांगला समारंभ करून, गळ्यात हार घालून, टाळ्या वाजवून ते त्याच्या मनगटावर बांधण्यात आलं होतं. अडचण एवढीच, की तो हैदराबाद सोडून चालला म्हणून ते दिलं होतं आणि तो गेलाच नव्हता.

झालं असं. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे करायचं ठरलं. मराठवाडा मुंबईकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि उरलेलं तेलंगण आंध्राबरोबर. श्रीपती ज्या दफ्तरात कारकून होता तिथं गावोगावच्या जमिनींचे जुने नकाशे ठेवलेले होते. दसऱ्यापासून तिथं ढीग घालायला सुरुवात झाली. नकाशांचे तीन ढीग झाले, खुर्च्यांचे झाले, पंख्यांवरून थोडी बोलाचाली झाली आणि शेवटी माणसांचेही तीन ढीग झाले. मुंबईच्या ढिगात श्रीपतीचं नाव निघालं. मुक्काम औरंगाबाद.

यादी लागली त्या दिवसापासून दफ्तरातल्या लोकांना श्रीपतीबद्दल एकाएकी प्रेमाचं भरतं आलं.

हे प्रेम किती नवं होतं ते कळायला एका पेल्याची गोष्ट सांगायला हवी. दफ्तराच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता आणि त्याच्यावर पालथा घातलेला काचेचा ग्लास. तो सगळ्यांचा. खिडकीत एक पितळी पेला होता. तो एकट्या श्रीपतीचा, बारा वर्षांपूर्वी घरून आणलेला. श्रीपतीला तहान लागली की त्यानं पेला धरायचा आणि नामदेव शिपायानं वरून पाणी ओतायचं. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर तो श्रीपतीलाच वाचून दाखवावा लागला असता, कारण मोडी आणि उर्दू दोन्ही घडाघडा वाचणारा त्या दफ्तरात तोच एकटा होता. त्याच्या वेसकर बापानं कुलकर्ण्याचं दप्तर डोक्यावर वाहिलं आणि पोरानं ते वाचायला शिकून घेतलं. देशाची घटना येऊन सहा वर्षं झाली होती, पण माठापर्यंत ती अजून पोचली नव्हती.

तर निरोपाच्या त्या संध्याकाळी काय झालं नाही ते विचारा. हेडक्लार्क एकनाथरावांनी पाऊण तास भाषण केलं. ‘श्रीपतराव म्हणजे आमच्या घरातला माणूस’ असं ते तीनदा म्हणाले. बारा वर्षांत ते त्यांना पहिल्यांदाच सुचलं होतं. एरवी ‘ए श्रीपती, ती निलंग्याची नस्ती आण’ एवढंच. केशवरावांनी, जे एरवी श्रीपतीच्या हातातला कागद आधी टेबलावर ठेवायला लावायचे, त्यांनी आपल्या हातानं त्याला पेढा भरवला. सगळ्यांनी एकाच ताटातला चिवडा खाल्ला. नामदेवानं भावनेच्या भरात त्याला काचेच्या ग्लासात पाणी दिलं. आणि मग एकनाथरावांनी सुलतान बाजारातून खास आणलेलं ते घड्याळ डबीतून काढलं आणि स्वतः त्याच्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं भोक सापडेना, तर त्याचा हात आपल्या छातीशी धरून दोन मिनिटं शोधत राहिले. घड्याळाच्या पाठीवर कोरलं होतं : ‘श्रीपतराव यांस स्नेहपूर्वक, ३१ ऑक्टोबर १९५६.’

श्रीपती त्या संध्याकाळी घरी येऊन रडला. बायकोला, सखूला, म्हणाला, “माणसं वाईट नव्हती गं. आपणच बारा वर्षं उगाच मनात धरून बसलो.”

सहाव्या दिवशी हुकूम आला. मराठवाड्याच्या नकाशांवरची मोडी कुणालाच लागत नाही, सबब नकला होईपर्यंत श्रीपतीला सोडू नये. बांधलेली गाठोडी सुटली. श्रीपती आनंदानं दफ्तरात गेला. घड्याळ अर्थातच हातात होतं.

सगळ्यांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मनगटाकडे. जेवू घालून दारापर्यंत पोचवलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत आला आणि बसलाच, तर घरच्यांचं होतं तसं त्यांचं झालं होतं. एकनाथराव म्हणाले, “आलास का, श्रीपती? बरं झालं. ती निलंग्याची नस्ती कुठं आहे?” केशवराव हसत म्हणाले, “घड्याळ जपून ठेव रे बाबा. पुढच्या निरोपाला कामी येईल.” दुपारी तहान लागली तेव्हा श्रीपतीनं खिडकीकडे पाहिलं. पेला जागेवर होता. कुणीतरी घासूनही ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून घड्याळ घरी बिस्किटांच्या डब्यात गेलं.

पण जीव जडला होता त्याला काय करणार? रोज सकाळी तो किल्ली द्यायचा, कानाशी धरायचा, हातात बांधून चहा प्यायचा आणि बाहेर पडताना उंबऱ्यावर काढून ठेवायचा. बरकतपुऱ्याच्या भाजीबाजारातही ते घालून जायची सोय नव्हती, कारण एकनाथरावांचं घर पलीकडच्याच गल्लीत. सखू म्हणायची, “आख्ख्या हैदराबादेत बायका परद्यातून बाहेर यायला लागल्या आन् आमच्याकडं घड्याळाला परदा!” तिचं बोलणं त्याला झोंबायचं. खरं सांगायचं तर त्याला वेळ बघायची हौस नव्हतीच. त्या काट्यांकडे पाहिलं की एकनाथरावांच्या छातीशी धरलेला आपला हात त्याला आठवायचा, आणि ती संध्याकाळ खरी होती असं कुणीतरी सांगावं असं वाटायचं.

जानेवारीत सखूचा भाऊ नागोराव एक बातमी घेऊन आला. नागोराव मोटारीच्या कारखान्यात मिस्त्री होता. एका जुन्या फोर्डचं इंजिन त्यानं नव्यानं बांधलं होतं, आणि नवं बांधलेलं इंजिन शे-दीडशे मैल सावकाश चालवून मोकळं करावं लागतं.

“मालक म्हणाला, इतवारला कुटं तरी लांब फिरवून आण. अनंतगिरीला जाऊ, दाजी. डोंगर हाय, जंगल हाय, वडाच्या झाडातून रस्ता हाय. पंचवीसच्या वर नाही पळवायची, म्हणजे आरामात बघत जाता येतं.”

श्रीपतीनं डोंगराबद्दल काही विचारलं नाही, जंगलाबद्दल विचारलं नाही. त्यानं विचारलं, “शहराच्या बाहेर किती लांब?”

“पन्नास मैल तरी हाय ना.”

“जाऊ,” श्रीपती म्हणाला.

रविवारी सकाळी नऊला फोर्ड निघाली. पुढं नागोराव आणि श्रीपती, मागं सखू आणि श्रीपतीची आई केसरबाई, मांडीवर पाण्याची सुरई आणि भाकरीचं गाठोडं. घड्याळ श्रीपतीच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. नामपल्ली गेली, मेहदीपट्टणम गेलं. लंगर हौजचा पूल मागं पडला, गोळकोंड्याची तटबंदी उजवीकडं दिसायला लागली, तसं त्यानं आजूबाजूला पाहून ते बाहेर काढलं आणि मनगटावर बांधलं. तुरुंगातून सुटलेल्या माणसासारखा त्यानं हात खिडकीबाहेर काढून उन्हात धरला.

“काय व्हयलं रं हाताला?” केसरबाईनं विचारलं.

“काही नाही, आई. वारं लागतंय.”

रस्ता खरोखर देखणा होता. चेवेळ्याच्या अलीकडून दोन्ही बाजूंनी जुने वड सुरू झाले. त्यांच्या पारंब्या रस्त्यावर लोंबत होत्या आणि गाडी त्यांच्या सावलीतून हळूहळू चालली होती. पलीकडे ज्वारी उभी होती, मधूनच शिंदीची झाडं, एखादं तळं, तळ्यात बगळे. सखू “अवो, ते बघा की” म्हणून दाखवत होती. श्रीपती बघत होता घड्याळाकडे. मैलाचा दगड आला की तो काटा बघायचा आणि पुढचा दगड येईपर्यंत मान वर करायचा नाही.

“दोन मिनिटं चोवीस सेकंद,” तो म्हणायचा. “नागोराव, बरोबर पंचवीसचा वेग.”

“दाजी, समोर काटा हाय तो पण पंचवीसच दाखवतो.”

“पण ह्याच्यात सेकंदाचा काटा आहे.”

केसरबाईला वेगळीच काळजी होती. नोव्हेंबरात, नागपूरच्या दीक्षेनंतर, त्यांच्या वस्तीत सगळ्यांनी घरातले देव मुसा नदीत सोडले होते. तिनंही आपला खंडोबा आणि मरीआई चादरघाटाच्या पुलावरून सोडली होती. आता नागोरावानं सांगितलं, की मुसा त्याच अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते.

“म्हंजी तिच्या माहेरालाच चाललो की आपून,” केसरबाई घाबरून म्हणाली. “तिथं परत भेटायचे न्हाईत ना रं देव?”

“पाणी खाली वाहतं, आत्याबाई,” नागोराव म्हणाला. “ते आतापर्यंत समुंदरात पोचले.”

“पोचले तर बरं. भेटले तर काय सांगावं त्येंला?”

विकाराबाद मागं टाकून घाटाच्या पायथ्याशी आले तेव्हा रस्त्याच्या कडेला एक भाड्याची मोटार उभी दिसली. तिचं तोंड उघडं होतं. झाडाखाली एक जाडशा बाई हातातल्या पदरानं वारा घेत बसल्या होत्या आणि एक गृहस्थ रस्त्यात येऊन दोन्ही हात हलवत होते. नागोरावानं गाडी थांबवली. गृहस्थ धावत श्रीपतीच्या खिडकीशी आले. आधी त्यांना दिसला तो खिडकीबाहेर काढलेला हात आणि हातातलं घड्याळ.

“अहो साहेब, माफ करा हं,” ते धापा टाकत म्हणाले. “किती वाजले तेवढं सांगता का?”

“अकराला बारा कमी,” श्रीपतीनं सांगितलं आणि वर पाहिलं. एकनाथराव होते.

हात आत घ्यावा की बाहेरच ठेवावा हे श्रीपतीला कळेना. पन्नास मैल लांब येऊन त्याला नेमकं तेच माणूस भेटलं होतं, आणि तेही वेळ विचारायला.

“अरे, श्रीपती! तू कुठं इकडं?” एकनाथराव म्हणाले.

मग सगळी हकीकत निघाली. एकनाथरावांच्या पत्नी इंदुताईंनी नवस बोलला होता : राज्य फुटलं तरी यजमानांची बदली होऊ नये, बरकतपुऱ्यातलं घर सुटू नये. देव पावला होता. आज वरच्या देवळात अभिषेक होता आणि पुजाऱ्यानं निक्षून बाराच्या आत बोलावलं होतं. पंख्याचा पट्टा तुटला, ड्रायव्हर नवा पट्टा आणायला मिळेल त्या बसनं विकाराबादला गेला, आणि गडबडीत एकनाथराव स्वतःचं घड्याळ घरीच विसरले होते.

“बसा की गाडीत,” नागोराव म्हणाला. “वरच चाललोय आम्ही.”

एकनाथरावांनी गाडीत डोकावून पाहिलं. केसरबाईच्या गळ्यात माळ नव्हती, कपाळ कोरं होतं. ही मंडळी कोण ते सांगायची गरज नव्हती. एका बाजूला नवस होता आणि दुसऱ्या बाजूला फोर्डची सीट. नवस जिंकला. इंदुताई मागं सखू आणि केसरबाईच्या मध्ये बसल्या आणि एकनाथराव पुढं, नागोराव आणि श्रीपतीच्या मध्ये, अंग चोरून.

घाट सुरू झाला. सागाची उंच झाडं, खाली दरी, दरीत निळसर धुकं अजून विरलेलं नव्हतं. पंचवीसचा वेग आता बारावर आला. एकनाथरावांच्या नाकासमोरच ते घड्याळ होतं, त्यामुळं त्यांना दर दोन मिनिटांनी वेळ दिसत होती. तरी ते विचारत होते.

“किती झाले?”

“अकरा वाजून नऊ.”

“तेच का रे हे?”

“हो. तेच.”

“छान चालतंय,” एकनाथराव म्हणाले.

तिसऱ्या वळणावर इंदुताईंना गरगरायला लागलं. त्यांनी डोळे मिटले, तोंडाला पदर लावला. केसरबाईनं त्यांची पाठ चोळली आणि सुरईतलं पाणी वाटीत ओतून पुढं केलं. “घ्या बाई, वाईच घोट घ्या. जीव थाऱ्यावर येईल.”

इंदुताईंनी वाटी घेतली आणि गटागटा पाणी प्यायल्या. आणखी मागून घेतलं. पुढं बसलेल्या एकनाथरावांना तो आवाज स्पष्ट ऐकू आला. त्यांनी झटकन मान खिडकीकडे वळवली.

“वा! काय देखावा आहे!” ते म्हणाले. त्यानंतर वर पोचेपर्यंत ते देखावा बघण्यात इतके गढून गेले की बायको तिसरी वाटी प्यायली तेव्हाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

देवळापाशी पोचले तेव्हा अकरा बेचाळीस झाले होते. एकनाथराव पायऱ्यांकडे पळत सुटले, मग मध्येच थांबून म्हणाले, “अरे, तुम्हीही या की आत. आता काय, कायदाच झालाय.”

“आम्ही सोडले देव, एकनाथराव,” श्रीपती म्हणाला.

“आपखुशीनं सोडले,” केसरबाईनं लांबूनच सांगितलं. “भांडण न्हाई काही.”

ते चौघं पलीकडच्या कड्यावर भाकरीचं गाठोडं सोडून बसले. खाली हिरवं रान पसरलं होतं आणि त्यातून कुठंतरी मुसा निघून हैदराबादेकडे चालली होती. श्रीपती भाकरीचा एकच तुकडा मोडत बसला होता. सखूनं विचारलं तसा तो म्हणाला, “त्यांनी ‘अहो साहेब’ म्हटलं गं. घड्याळ बघून. मग तोंड बघितलं.”

“मग?”

“मग काही नाही. मग ‘अरे’ म्हणाले.”

सखूनं त्याच्या भाकरीवर आणखी ठेचा वाढला.

पाऊण तासानं एकनाथराव प्रसाद घेऊन आले. हातभर अंतरावरून त्यांनी श्रीपतीच्या ओंजळीत साखरफुटाणे टाकले, अगदी नामदेव पाणी ओततो तसे. ओंजळीबरोबर घड्याळ परत समोर आलं आणि त्यांना काहीतरी आठवलं.

“अरे हो! सांगायचंच राहिलं,” ते म्हणाले. “शनिवारी संध्याकाळी तू निघून गेल्यावर कागद आला. नकला पुऱ्या झाल्या. आता औरंगाबादला जायचं की इथंच राहायचं, ते सोमवारी पाचच्या आत तुझ्याकडून लेखी मागितलंय.”

“मी म्हणीन ते?”

“तू म्हणशील ते. म्हणजे तू जाणारच म्हणा. मुलूख तुमचा, माणसं तुमची. भाऊ आहे ना तिकडं?” आणि बोलता बोलता एकनाथरावांचा चेहरा उजळायला लागला. जणू त्यांचा श्रीपती गेला हे त्यांना आत्ताच कळलं आणि ते त्याच्या आठवणीनं हळवे झाले. ते जवळ आले. खांद्यावर हात ठेवला. “चुकल्यासारखं होईल हो, श्रीपतराव, तुमच्यावाचून. बारा वर्षं म्हणजे काय थोडी झाली? तुम्ही आमच्या घरातलेच.” सुरईकडे पाहून म्हणाले, “पाणी आहे का हो थोडं? घसा सुकला.”

केसरबाईनं वाटी भरून दिली. एकनाथरावांनी ती तोंडाला लावून रिकामी केली, सगळ्यांदेखत, आणि मिशा पुसल्या.

“एक करा,” ते म्हणाले. “सोमवारी येताना घड्याळ डबीत घालून आणा. परत एकदा रीतसर कार्यक्रम करू. गेल्या वेळचा तुमचा निरोप वाया गेला, ते मनाला लागून राहिलं होतं बघा. तेच घड्याळ मी परत माझ्या हातानं बांधतो. पेढे, हार, सगळं मी बघतो.”

श्रीपतीनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते कुणालाच कळलं नाही, पण एकनाथरावांनी हो धरलं. मग ते इंदुताईंना हाक मारायला गेले.

दुपार कलल्यावर परतताना घाटाखाली त्यांची मोटार दुरुस्त होऊन उभी होती. एकनाथराव-इंदुताई उतरले. इंदुताईंनी केसरबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “पाण्यानं जीव वाचवला हो माझा.” त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

चेवेळ्याचे वड परत सुरू झाले. ऊन तिरपं झालं होतं आणि पारंब्यांतून रस्त्यावर सांडत होतं. ह्या वेळी श्रीपतीनं एकही मैलाचा दगड मोजला नाही.

“औरंगाबाद काही वाईट नाही,” तो म्हणाला. “भाऊ जालन्याला आहे. कॉलेज आहे तिथं आपल्या समाजाच्या पोरांसाठी.”

“जायचं तर जाऊ,” सखू म्हणाली. कोठीजवळच्या दवाखान्यात तिची आयाची नोकरी होती. जन्मही तिचा इथलाच, आणि गाठोडी परत बांधायची नाहीत असं तिनं नोव्हेंबरातच सांगून ठेवलं होतं. “तुमच्या मनानं जायचं तर मी उद्या सामान बांधते. पण मला एक सांगा. ते घड्याळ परत बांधतील, परत पेढा भरवतील. तिथं औरंगाबादला दफ्तरात गेल्यावर पेला कोणत्या खिडकीत ठेवायचा?”

श्रीपतीला राग आला. बायकोचा नाही. जाणाऱ्या माणसाला मिळतं ते राहणाऱ्याला का मिळत नाही, ह्याचा आला. ती संध्याकाळ खोटी नव्हती, हेच त्याला सलत होतं. एकनाथरावांच्या डोळ्यांत तेव्हा खरंच पाणी होतं. आजही ते खऱ्या तहानेनं पाणी प्यायले. फक्त तो निघून जावा एवढीच त्यांची अट होती.

लंगर हौजचा पूल आला. श्रीपतीचा हात सवयीनं पट्ट्याकडे गेला. त्यानं बक्कल चाचपलं आणि सोडून दिलं. शहर सुरू झालं, मेहदीपट्टणम आलं, नामपल्लीचे दिवे आले. घड्याळ हातातच राहिलं.

सोमवारी तो दफ्तरात पोचला तेव्हा टेबलावर पांढरी चादर घातलेली होती. मधोमध चांदीचं तबक, तबकात शेवंतीचा हार, शेजारी पेढ्यांची पेटी आणि घड्याळासाठी मोकळी ठेवलेली जागा. “या, श्रीपतराव, या!” केशवराव दारापर्यंत आले. नामदेवानं खुर्ची ओढली. सगळ्यांचे चेहरे लग्नघरासारखे झाले होते.

“डबी आणली?” एकनाथरावांनी हळूच विचारलं.

“आधी कागद द्या,” श्रीपती म्हणाला.

कागद दिला. त्यानं उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या, सही केली, बाही मागं सारून घड्याळात बघितलं आणि सहीखाली वेळ घातली : दहा वाजून चाळीस. एकनाथरावांनी कागद वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

“राहणार?” ते म्हणाले. “इथं?”

“इथंच. ह्याच खुर्चीवर. अजून बावीस वर्षं आहे नोकरी.”

केशवरावांनी हाराकडे पाहिलं, मग पेढ्यांकडे.

“आता ह्याचं काय करायचं?” त्यांनी विचारलं.

“वाटायचे की,” श्रीपती म्हणाला. त्यानं पेटी उचलली. “जातोय म्हणून तुम्ही मला भरवले होते. राहतोय म्हणून मी भरवतो.”

आणि तो एकेकापाशी गेला. काय करतील बिचारे? ह्याच माणसाला त्यांनी तीन महिन्यांपूर्वी आपल्या हातानं भरवलं होतं, त्याचं नाव कोरून घड्याळ दिलं होतं, एका ताटात जेवले होते. आता तोंड फिरवायचं तर कोणत्या तोंडानं? केशवरावांनी डोळे मिटून पेढा घेतला. एकनाथरावांच्या तोंडापाशी हात गेला तेव्हा मनगटावरचं घड्याळ त्यांच्या कानाशी टिकटिक करत होतं. त्यांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. तिथं देखावा नव्हता, समोरच्या इमारतीची भिंत होती. त्यांनी तोंड उघडलं.

पेढ्यानं तहान लागते. श्रीपती माठापाशी गेला. पालथा ग्लास उचलला, स्वतः बुडवून भरला, सावकाश प्यायला, विसळला आणि परत पालथा घातला. सगळे बघत होते. नामदेव जागचा उठला आणि काय करावं ते न सुचून परत बसला. मग श्रीपती खिडकीकडे गेला आणि पितळी पेला आपल्या पिशवीत टाकला. “निलंग्याची नस्ती काढतो,” म्हणून तो खुर्चीवर बसला.

दुपारभर कुणीही पाणी प्यायलं नाही. चारच्या सुमारास केशवरावांना ठसका लागला आणि ते उठले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं शेवंतीचा हार सखूच्या हातात दिला. नको नको म्हणत असतानाही नामदेवानं तो बरोबर बांधून दिला होता. मग पिशवीतून पेला निघाला. बारा वर्षांत त्याचा काठ झिजून पातळ झाला होता. केसरबाईनं तो हातात फिरवून पाहिला.

“ह्यो घरी कामून आणला? आन् हार कशाचा? जायचं ठरलं काय रं?”

“नाही, आई. आपण इथंच,” श्रीपती म्हणाला. त्यानं हार घेतला आणि पेल्याच्या गळ्यात घातला. “ह्याची बदली झाली.”